बोलोन्यात पारंपरिक जेवण : कुठे, काय आणि कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताची राजधानी बोलोन्या. मिलानहून वेगवान रेल्वेने साधारण एक तास, फ्लोरेन्सहून त्याहूनही कमी. बरेच प्रवासी या दोन शहरांच्या मध्ये इथे एक दुपार काढतात आणि मुख्य चौकात दिसेल तिथे बसून जेवतात. ही माहिती तसे होऊ नये म्हणून आहे. आमचा सल्ला एकच: हॉटेल निवडण्याआधी पदार्थ निवडा. या शहरात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली आहे. काही दुकानातून वजनावर घ्यायचे, काही दुपारी पास्त्याच्या दुकानातच खायचे, तर काही संध्याकाळी टेबल राखून जेवायचे.

त्रात्तोरिया, ओस्तेरिया, सालुमेरिया यांत फरक काय?

त्रात्तोरिया म्हणजे घरगुती धाटणीची खानावळ: छोटा मेन्यू, पास्ता, मांसाचे पदार्थ, दोन-तीन गोड पदार्थ. ओस्तेरिया मूळची वाइन पिण्याची जागा, पण आज बहुतेक ओस्तेरियांत पूर्ण जेवण मिळते, त्यामुळे पाटीवरून फारसे काही ठरवू नका. सालुमेरिया म्हणजे खारवलेले मांस आणि चीज विकणारे दुकान. याखेरीज बोलोन्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ताज्या पास्त्याची दुकाने. तिथे बायका मोठ्या लाकडी पाटावर अंडे घातलेल्या कणकेची पातळ पोळी लाटतात. या पोळीला स्फोल्या म्हणतात आणि लाटणारीला स्फोलिना. त्यांचे लाटणे आपल्या पोळपाटावरच्या लाटण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते.

प्रमाण सोपे आहे: 100 ग्रॅम बारीक गव्हाच्या पिठाला एक अंडे. पाणी नाही, बहुतेक ठिकाणी मीठही नाही. लाकडावर लाकडाने लाटल्यामुळे पोळीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो आणि सॉस त्याला धरून राहतो. यंत्रातून काढलेली पट्टी गुळगुळीत होते आणि सॉस ताटलीच्या तळाशी उतरतो. हाताने लाटलेला पास्ता ओळखायचा तर कडा पाहा. त्या थोड्या असमान असतात आणि पट्टी उजेडात धरली तर अर्धपारदर्शक दिसते.

‘स्पॅगेटी बोलोनेझ’ कुठे चांगली मिळते?

बोलोन्यात ती मागू नका. इथे रागू हा मांसाचा सॉस तालियातेल्ले नावाच्या रुंद, अंड्याच्या पट्ट्यांसोबत खातात, नाहीतर लाझान्या या थरांच्या भाजलेल्या पास्त्यात घालतात. कारण वर आलेच आहे. स्पॅगेटी कडक गव्हाची आणि गुळगुळीत असते, तिच्यावर मांसाचे बारीक तुकडे टिकत नाहीत. शेवटी शेवया संपतात आणि खाली सॉस उरतो.

तालियातेल्लेच्या रुंदीबाबत शहर फार काटेकोर आहे. 1972 मध्ये इटालियन पाककला अकादमीने स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सकडे नोंद केली की शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. त्या मापाची सोन्याची पट्टीही चेंबरकडे जपून ठेवलेली आहे.

मग खऱ्या रागूत काय असते? तो लाल का दिसत नाही?

कारण टोमॅटो कमी असतो. रागूची पाककृती 17 ऑक्टोबर 1982 रोजी नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. नव्या आवृत्तीत साधारण असे प्रमाण आहे: जाडसर कुटलेले गोमांस 400 ग्रॅम, ताजी पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचे मांस 150 ग्रॅम, कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी 60 ग्रॅमच्या आसपास, एक ग्लास वाइन, 200 ग्रॅम टोमॅटोचा गर, चमचाभर घट्ट टोमॅटो पेस्ट, लागेल तसे मांसाचे सूप आणि हवे असल्यास एक ग्लास दूध. लसूण नाही, तुळस नाही, ओरेगानोही नाही. दूध टोमॅटोचा आंबटपणा कमी करते.

मंद आचेवर दोन ते तीन तास शिजलेला रागू तपकिरी-नारिंगी दिसतो, दाट असतो, आणि तेल कडेला किंचित सुटलेले असते. ताटलीत लालभडक, पाणीदार सॉस आला आणि वर तुळशीचे पान असेल, तर तो पदार्थ पर्यटकांसाठी केला आहे असे समजा. गोमांस किंवा डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी रागू टाळावाच, कारण पारंपरिक रागूत दोन्ही असतात. ‘फक्त चिकनचा द्या’ ही विनंती इथे पुरी होणार नाही.

तालियातेल्ले आणि लाझान्या खायला कुठे जावे?

दुपारसाठी व्हिया कास्तिल्योनेवरचे ‘स्फोल्या रीना’ ही चांगली निवड आहे. ते ताज्या पास्त्याचे दुकान आहे आणि तिथेच बसून खाताही येते. गर्दी प्रचंड असते, म्हणून दार उघडण्याच्या वेळेला पोचावे. एक वाजता गेलात तर रांगेत उभे राहावे लागेल.

बसून, सावकाश जेवायचे असेल तर व्हिया बेल्ले आर्तीवरची ‘त्रात्तोरिया आन्ना मारिया’ जुन्या पद्धतीची आहे. तिथल्या भिंती पाहुण्यांच्या फोटोंनी भरलेल्या आहेत. व्हिया सान फेलीचेवरची ‘त्रात्तोरिया दा मे’ जुने पदार्थ जरा हलक्या हाताने करते. रेल्वे स्थानकाच्या मागे, बोलोन्यीना भागात ‘त्रात्तोरिया दि व्हिया सेर्रा’ आहे. टेबले मोजकीच असल्याने आधी राखून ठेवल्याशिवाय तिकडे जाऊ नका. खिसा सांभाळायचा असेल तर विद्यापीठाजवळ व्हिया मेन्तानावर ‘ओस्तेरिया देल्लोर्सा’ आहे. लांब टेबलांवर अनोळखी लोकांसोबत बसावे लागते, टेबल राखता येत नाही, पण रागू व्यवस्थित असतो.

लाझान्याबद्दल एक लक्षात ठेवा. इथली लाझान्या हिरवी असते, कारण पास्त्याच्या कणकेत पालक घालतात. थर रागू, बेशामेल म्हणजे दूध-लोणी-पिठाचा पांढरा सॉस, आणि पार्मिजानो हे कडक चीज यांचे. मोझरेल्ला नसते. हिरवा रंग पाहून शाकाहारी समजू नका.

तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी एकच का?

अजिबात नाही, आणि इथे चूक महागात पडते.

दोन्ही सारण भरलेल्या पास्त्याचे प्रकार आहेत. तोर्तेल्लिनी चिमुकले असतात आणि त्यांत मांस असते. 1974 मध्ये नोंदवलेल्या सारणात डुकराचे लोइन 300 ग्रॅम, प्रोश्युत्तो म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस 300 ग्रॅम, मोर्तादेल्ला हे डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज 300 ग्रॅम, पार्मिजानो 450 ग्रॅम, तीन अंडी आणि जायफळ आहे. ते कोंबड्याच्या, म्हणजे खच्ची केलेल्या कापोनच्या, किंवा गोमांसाच्या गरम सुपात देतात. या सुपाला ब्रोदो म्हणतात. साय घातलेले तोर्तेल्लिनीही काही ठिकाणी मिळतात आणि त्यावर बोलोन्यातले लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने ब्रोदोतलेच घ्यावेत, कारण साय सारणाची चव झाकते. रागू घातलेले तोर्तेल्लिनी मात्र घेऊ नका. मांसावर मांस पडते आणि दोन्हींची चव हरवते.

तोर्तेल्लोनी मोठे असतात. त्यांत बहुतेक वेळा रिकोत्ता हे मऊ ताजे चीज, पार्मिजानो आणि पार्सली असते. वर लोणी आणि सेज ही सुगंधी पाने, किंवा लोणी आणि थोडा टोमॅटो. अंडे आणि दूध चालणाऱ्या शाकाहारींसाठी हाच शहरातला सर्वांत चांगला पदार्थ.

तिसरा प्रकार आहे बालान्झोनी. हिरव्या कणकेचे, तोर्तेल्लोनीसारखेच दिसणारे. पण त्यांत रिकोत्तासोबत मोर्तादेल्ला असते. ऑर्डर देताना सारण विचारूनच घ्या.

ब्रोदोतले तोर्तेल्लिनी कुठे खावेत?

व्हिया सान्ता कातेरीनावरची ‘आल्लोस्तेरिया बोत्तेगा’ यासाठी नावाजलेली आहे. तिथला प्रोश्युत्तोही मागवावा. व्हिया दे कार्बोनेझीवरची ‘दा चेझारी’ ही जुनी, शांत जागा आहे. जेवण थोडे महाग, पण वाढप उत्तम. दोन्हीकडे शुक्रवार-शनिवारसाठी आठवडाभर आधी टेबल राखा. ब्रोदोतले तोर्तेल्लिनी वर्षभर मिळतात, पण त्यांचा खरा हंगाम थंडीचा. जुलैच्या 35 अंशांत गरम सूप प्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ यासाठी सर्वांत चांगला.

आम्ही शाकाहारी आहोत. इथे निभेल का?

निभेल, पण विचारून खावे लागेल. प्रश्न मांसाच्या तुकड्यांचा नसतो. डुकराची चरबी आणि मांसाचे सूप हे दोन्ही न दिसता पदार्थात असतात.

चरबीला इथे स्त्रुत्तो म्हणतात. क्रेशेन्तीने, म्हणजे फुगलेली तळलेली पुरीसारखी रोटी, तिच्या कणकेत स्त्रुत्तो असते आणि बरेचदा तळणही त्यातच. तिजेल्ले या गोल, भाजलेल्या छोट्या रोट्यांतही ती असू शकते. रोमान्याची प्यादीना पारंपरिक पद्धतीने चरबीचीच. ऑलिव्ह तेलाची प्यादीना मागितली तर मिळते. फ्रिज्जोने या मंद शिजवलेल्या कांदा-टोमॅटोच्या भाजीत फक्त भाजी दिसते, पण नोंदवलेल्या पाककृतीत स्त्रुत्तो आहे. तिजेल्लेसोबत येणारा पांढरा, लसणीचा लेप चीज किंवा लोणी नाही. ती वाटलेली डुकराची चरबी आहे.

चीजबाबतही स्पष्ट सांगायला हवे. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने, बनते आणि नियमांनुसार ते दुसऱ्या कशाने बनवता येत नाही. रेनेट न चालणाऱ्यांनी पार्मिजानो घालू नका असे सांगावे. तोर्तेल्लोनीच्या सारणात मात्र ते आधीच मिसळलेले असते.

ही वाक्ये फोनवर लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा किंवा म्हणून दाखवा: ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांस नको, ‘सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने’ म्हणजे मांसाचे सूप नको, ‘सेन्त्सा स्त्रुत्तो’ म्हणजे चरबी नको. ‘व्हेजेतारियानो’ एवढेच म्हटले तर काही ठिकाणी प्रोश्युत्तोचे बारीक तुकडे मांसात मोजले जात नाहीत.

अंडे, कांदा, लसूण न खाणारे काय करतील?

ताजा पास्ता सोडून द्यावा लागेल, कारण त्यात अंडे असतेच. कडक गव्हाचा कोरडा पास्ता मागा: ‘पास्ता दि ग्रानो दूरो’. त्यात अंडे नसते. टोमॅटोच्या सॉसमध्ये कांदा किंवा लसूण जवळजवळ नेहमी असतो, म्हणून ऑलिव्ह तेलातला साधा पास्ता आणि भाजलेल्या भाज्या हा सुरक्षित मार्ग. जैन प्रवाशांनी स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन व्हिया उगो बास्सीवरच्या ‘मेर्कातो देल्ले एर्बे’ या झाकलेल्या बाजारातून भाजी आणणे सोयीचे. वसंतात अल्तेदोचे हिरवे शतावरीचे कोंब आणि जूनमध्ये जवळच्या विन्योलाच्या चेरी जरूर घ्याव्यात.

क्वाद्रिलातेरो म्हणजे काय आणि तिथे काय करायचे?

पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या पूर्वेला अरुंद गल्ल्यांचा जुना बाजार आहे, तो क्वाद्रिलातेरो. व्हिया पेस्केरिए वेक्किए, व्हिया द्रप्पेरिए आणि व्हिया काप्रारिए या गल्ल्यांत मासे, भाज्या, चीज, मांस आणि पास्त्याची दुकाने खेटून उभी आहेत. 1868 पासूनचे ‘पाओलो आत्ती’ इथेच आहे. ब्रेड, तोर्तेल्लिनी आणि नाताळच्या आधी चेर्तोझीनो हा सुकामेव्याचा घट्ट केक तिथे मिळतो. ‘ताम्बुरीनी’ 1932 पासून आहे आणि तिथे बसूनही खाता येते.

वजनावर खरेदी करताना एककाचे नाव एत्तो, म्हणजे 100 ग्रॅम. पाटीवरचा दर किलोचा आहे की एत्तोचा ते पाहा, नाहीतर बिलावर धक्का बसतो. दोघांसाठी मोर्तादेल्ला दीड एत्तो, स्क्वाक्वेरोने हे मऊ, पसरणारे चीज एक एत्तो आणि अर्धा किलो ब्रेड पुरेसे होते. मोर्तादेल्ला कागदासारखी पातळ कापून मागा. जाड तुकडा खायचा असेल तर चौकोनी तुकडे करून घ्या. मधली जाडी दोन्हींची चव घालवते.

हे घेतलेले खायचे कुठे बसून?

जवळच, विकोलो रानोक्की या गल्लीत ‘ओस्तेरिया देल सोले’ आहे. 1465 पासून चालू आहे. तिथे जेवण मिळत नाही, फक्त वाइन, बिअर आणि इतर पेये मिळतात. खाणे तुम्ही बाहेरून आणायचे, टेबलावर मांडायचे, पण पेय मात्र विकत घ्यायलाच हवे. भागातली पिन्योलेत्तो ही पांढरी, बुडबुड्यांची वाइन मोर्तादेल्लाबरोबर चांगली जमते. संध्याकाळी सहानंतर गर्दी वाढते. अकराच्या सुमारास खरेदी करून बारा वाजेपर्यंत टेबल पकडणे हा सगळ्यात निवांत मार्ग. सोबत चाकू किंवा काटे नसतील तर बाजारातून लाकडी काटे घ्या. जाताना कचरा आवरून न्या.

मांसाचा मुख्य पदार्थ कोणता घ्यावा?

कोतोलेत्ता आल्ला बोलोन्येसे, म्हणजे पेत्रोनियाना. वासराच्या मांसाचा तुकडा पावाचा चुरा लावून तळतात, वर प्रोश्युत्तो आणि पार्मिजानो ठेवतात आणि थोड्या सुपात झाकून चीज वितळू देतात. मिलानची कोतोलेत्ता कुरकुरीत असते. ही मऊ असते आणि तशीच असायला हवी. भरपेट पदार्थ आहे. पास्त्याची पूर्ण ताटली खाल्ल्यावर दोघांत एक पुरे.

पूर्ण जेवण मागवणे बंधनकारक आहे का? बिल किती होते?

नाही. अंतिपास्तो म्हणजे सुरुवातीचे खाणे, प्रीमो म्हणजे पास्ता, सेकोन्दो म्हणजे मांस, कोन्तोर्नो म्हणजे भाजी आणि गोड असा क्रम आहे, पण माणशी एक प्रीमो आणि दोघांत मिळून एक सेकोन्दो मागवणे चालते. एकच पास्ता दोन ताटल्यांत मागायचा असेल तर आधी विचारा. काही ठिकाणी पास्त्याचे दोन किंवा तीन प्रकार एकत्र देतात. त्याला बिस आणि त्रिस म्हणतात, आणि बहुधा किमान दोन माणसांनी मिळून घ्यावा लागतो. पहिल्या भेटीसाठी तो फार उपयोगी आहे.

मध्यवर्ती भागात तालियातेल्ले साधारण 12 ते 16 युरो, ब्रोदोतले तोर्तेल्लिनी 14 ते 18, कोतोलेत्ता 16 ते 22. कोपेर्तो नावाचे टेबलाचे शुल्क माणशी 2 ते 3.50 युरोपर्यंत असते आणि मेन्यूवर छापलेले असते. ती टिप नाही. टिप सक्तीची नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दर वाढतो.

वेळा काय?

दुपार 12.30 ते 14.30, रात्र 19.30 ते 22.30. चार वाजता मुख्य चौकात गरम लाझान्या मिळाली तर ती सकाळपासून गरम होत राहिलेली असण्याची शक्यता जास्त. सोमवारी आणि रविवारी रात्री बरीच स्वयंपाकघरे बंद असतात. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 ऑगस्टच्या आसपास, चांगल्या त्रात्तोरिया दोन-तीन आठवडे सुट्टी घेतात. त्या आठवड्यांत येणार असाल तर आधी फोन करून विचारा.

पर्यटकांना फसवणारी जागा कशी ओळखायची?

दारात उभा राहून आत बोलावणारा माणूस, फोटो लावलेला आणि सहा भाषांतला मेन्यू, आणि त्यात स्पॅगेटी बोलोनेझ. यापैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढे चला. मेन्यूत पदार्थाच्या नावापुढे तारका असेल तर तो पदार्थ गोठवलेल्या मालाचा आहे. मांसाच्या सारणाच्या तोर्तेल्लिनीपुढे तारका दिसली तर दुसरे काही मागवा. कोलंबी किंवा माशाबाबत त्याने इतके बिघडत नाही. छोटा, दिवसागणिक बदलणारा, हाताने लिहिलेला मेन्यू ही चांगली खूण आहे.

गोड काय?

झुप्पा इंग्लेसे हा कस्टर्ड आणि लाल लिकरमध्ये भिजवलेल्या केकचा पदार्थ. त्या अल्केर्मेस लिकरचा लाल रंग पारंपरिक पद्धतीत कोचिनील या किड्यापासून येतो, हे शाकाहारींनी जाणून घ्यावे. तोर्ता दि रिझो म्हणजे दूध, तांदूळ आणि बदामाचा केक साधा आणि सरस. 19 मार्चच्या आसपास बेकऱ्यांत जामसारखी मोस्तार्दा भरलेल्या रव्योले मिळतात. आइसक्रीमसाठी ‘क्रेमेरिया सान्तो स्तेफानो’ किंवा ‘सोर्बेत्तेरिया कास्तिल्योने’. पिस्त्याचा रंग तपासा. भडक हिरवा असेल तर रंग घातला आहे, मातकट हिरवा असेल तर खरा. डब्यातून डोंगरासारखे वर उभे केलेले आइसक्रीम टाळा. त्यात हवा भरलेली असते.

सोबत काय नेता येईल?

मोर्तादेल्ला, प्रोश्युत्तो किंवा मांसाचे सारण असलेला पास्ता भारतात नेण्याचा बेत करू नका. मांसावर निर्बंध आहेत. ताजे तोर्तेल्लिनी तसेही दोन-तीन दिवसच टिकतात. त्याऐवजी 1796 पासूनच्या ‘मायानी’चे चॉकलेट, सुके पोर्चिनी मशरूम आणि शेजारच्या मोदेनाचे बाल्सामिक व्हिनेगर घ्या. व्हिनेगरची बाटली मोठ्या सामानात टाका, कारण हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पातळ लाकडी लाटणे आणि पाट घरगुती सामानाच्या दुकानांत मिळतात. लाटणे 80 सेंटिमीटरहून लांब असते, तेव्हा विकत घेण्याआधी बॅग मोजून घ्या.